चालकपदासाठी ‘अपात्र’ ठरवलं : स्वेच्छानिवृत्ती घ्यायची की पर्यायी काम मागायचं?

आगार_प्रतिनिधी

नमस्कार. महापालिकेच्या परिवहन उपक्रमातल्या एका बसचालकासाठी विचारतोय. वय ४३, कायम सेवेत १६ वर्षं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुचाकीला अपघात झाला आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सात महिने रजेवर आहेत. आता वैद्यकीय मंडळाने ‘चालकपदासाठी कायमस्वरूपी अपात्र’ असा शेरा दिलाय. आस्थापना शाखेचा तोंडी निरोप असा, की १५ दिवसांत स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या, नाहीतर सेवा समाप्त होईल. मुलाला नंतर घेऊ असंही सांगतात. अपघात ड्युटीवर झालेला नाही म्हणून पर्यायी काम देता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे कायद्यात बसतं का? आणि आधी कोणता कागद द्यायचा?

सेवापुस्तक

आधी एवढंच करा : स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू देऊ नका.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम २०(४) नीट वाचा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढायचं नाही, खालच्या पदावर टाकायचं नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर न्यायचं. तसं पद नसेल तर अधिसंख्य पद (म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा पद) निर्माण करून, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी येईल तोवर त्यावर ठेवायचं. ‘सरकारी आस्थापना’ या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणही येतं, त्यामुळे महापालिकेला यातून अंग काढता येणार नाही.

‘ड्युटीवर अपघात’ ही अट त्या कलमात कुठेही नाही. शब्द आहे ‘सेवेच्या काळात’. रजेचा दिवस असो की साप्ताहिक सुट्टी, माणूस सेवेतच असतो. ड्युटीवर असण्याचा प्रश्न येतो तो नुकसानभरपाईच्या दाव्यात, आणि तो दावा पूर्ण वेगळा. आस्थापना शाखेत या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते आणि तिची किंमत कर्मचारी मोजतो.

कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार हा २००३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अर्जात लिहाच. तिथेही डावा पायच कापावा लागला होता. निकाल आधीच्या १९९५ च्या कायद्यातल्या कलम ४७ वर आहे, पण मजकूर जवळजवळ हाच. ही तरतूद मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही, ती बंधनकारक आहे, असं न्यायालयाने म्हटलं. अपंगत्व निवृत्तिवेतन मिळतं म्हणून हा हक्क जात नाही, हेही त्यात आहे.

आवक_जावक

वरचं सगळं बरोबर. पण कायदा बाजूने असूनही प्रकरण कागदावर हरतं, म्हणून कागदांचं सांगतो.

निरोप तोंडी आलाय ना? मग उत्तर लेखीच द्या. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवून येऊ नका. मुख्य कार्यालयाच्या आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा. मजकूर लांबण लावून लिहू नका. साधारण असा :

‘मी दि. … पासून चालक पदावर कायम सेवेत आहे. दि. … रोजीच्या अपघातात मला दिव्यांगत्व आले आहे. वैद्यकीय मंडळाने मला चालक पदासाठी अपात्र ठरवले आहे. मला सेवेत राहावयाचे असून मी स्वेच्छानिवृत्ती मागितलेली नाही व मागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) नुसार समान वेतनश्रेणी, सलग सेवा व सर्व सेवालाभांसह पर्यायी पदावर, तसे पद उपलब्ध नसल्यास अधिसंख्य पदावर, मला सामावून घ्यावे. निर्णय होईपर्यंतचा कालावधी गैरहजेरी धरू नये.’

शेवटचं वाक्य गाळू नका. सेवा समाप्तीचा राजमार्ग अपंगत्वाचा नसतोच, तो ‘विनापरवानगी गैरहजर’ या आरोपपत्राचा असतो. म्हणून सात महिन्यांतला प्रत्येक रजेचा अर्ज, डॉक्टरांचा दाखला आणि त्याची पोच तारखेनुसार लावून ठेवा. मध्ये खंड दिसला तर आत्ताच अर्ज देऊन तो भरून काढा.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, म्हणजे यूडीआयडी, स्वावलंबन पोर्टलवरून लगेच मागा. उपक्रमाच्या वैद्यकीय मंडळाचा शेरा म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. इथे एक गैरसमज फार पसरलाय : ४० टक्के नसतील तर काही मिळत नाही. ४० टक्क्यांची अट आरक्षणाला आहे. कलम २०(४) मध्ये नुसतं ‘दिव्यांगत्व’ म्हटलंय, टक्केवारी नाही. तुमच्या माणसाला ही अडचण येणार नाही, पण हाताची बोटं गेलेल्या किंवा एका डोळ्याची नजर कमी झालेल्या लोकांना याच मुद्द्यावर परत पाठवलं जातं.

दुसरी प्रत तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे द्या. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तो नेमलेला असायलाच हवा. तक्रार नोंदवहीत चढल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती. असा अधिकारी नेमलाच नसेल तर तेही लेखी घ्या, पुढे उपयोगी पडतं.

आगार_प्रतिनिधी

खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. एक, ‘जागाच रिक्त नाही’ हे उत्तर येणार हे नक्की. दोन, दुसऱ्या आगारातल्या एका चालकाने मागच्या वर्षी असाच स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिलाय. त्याचं सगळं संपलं का?

कलम_बावीस

दुसऱ्याचं आधी. संपलंच असं धरू नका. भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य वीज मंडळ, २००८. वीज मंडळातला सहायक लाइनमन नोकरीत असताना पूर्ण आंधळा झाला. त्याने स्वतःच निवृत्ती मागितली आणि पत्नीला नोकरी द्या असं लिहून दिलं. सर्वोच्च न्यायालयाने तो कागद त्याच्याविरुद्ध धरला नाही. ज्याला स्वतःचा हक्कच माहीत नव्हता, त्याला तो सांगणं हे मंडळाचं काम होतं, असं म्हणत त्याला सेवेत धरून लाभ द्यायला लावले. तेव्हा त्या चालकाला उशीर न करता अर्ज द्यायला सांगा. अर्ज कोणत्या परिस्थितीत दिला, कलम २०(४) कोणी सांगितलं होतं का, हे त्यात स्पष्ट लिहा. अर्थात सही न केलेल्या माणसाचं प्रकरण कधीही जास्त मजबूत.

मुलाला नोकरी देण्याच्या तोंडी आश्वासनावर अजिबात विसंबू नका. बापाची चालू नोकरी कायद्याने राखलेली आहे, मुलाची नुसती शब्दावर आहे.

रिक्त जागांबद्दल : पद नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे ‘जागा नाही’ हे उत्तर कायद्यानेच आधी बाद केलंय. तरी माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागायचं ते नेमकं : अमुक तारखेला मंजूर, भरलेली व रिक्त पदं संवर्गनिहाय, आणि गेल्या पाच वर्षांत वैद्यकीय कारणावरून पर्यायी पद दिलेल्या कर्मचाऱ्यांची पदनिहाय संख्या. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. त्यात लिपिक, वाहतूक नियंत्रक, भांडार किंवा पास विभागातली रिक्त पदं दिसली की मग बोलणंच वेगळं होतं.

सेवापुस्तक

आदेश हातात आला की पेढे वाटायच्या आधी त्यातले शब्द बघा. ‘नव्याने नियुक्ती’ असं असेल तर हरकत घ्या. त्या दोन शब्दांनी १६ वर्षांची ज्येष्ठता आणि वेतनवाढी जातात. ‘पदस्थापना’ किंवा ‘समायोजन’ हवं, सोबत वेतनसंरक्षण आणि सलग सेवा असा स्पष्ट उल्लेख हवा. शिपायाच्या वेतनश्रेणीत टाकलं तर ते सरळ कलमाचं उल्लंघन. वरचा पगार ‘वैयक्तिक वेतन’ म्हणून गोठवला असेल तर पुढच्या वेतनवाढी कशा लागणार, हे लेखी विचारा. आणि केवळ दिव्यांगत्वामुळे बढती नाकारता येत नाही, हे त्याच कलमाच्या उपकलम (३) मध्ये आहे.

आवक_जावक

उपक्रमाने दाद दिली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार. वकील लागत नाही. आयुक्त समन्स काढू शकतात, कागदपत्रं मागवू शकतात, शिफारस करू शकतात. शिफारस मिळाल्यावर आस्थापनेने तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची, मान्य नसेल तर कारण कळवायचं. पण ती शिफारस आहे, न्यायालयाचा हुकूम नाही. सेवा समाप्तीचा आदेश निघालाच, किंवा निघण्याच्या बेतात आहे असं लेखी दिसलं, तर आयुक्तांकडे थांबून राहू नका, उच्च न्यायालयात रिट याचिका करा. वकिलाच्या फीचं दडपण घेऊ नका. दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही.

रात्रपाळी

रंगांधळेपणामुळे चालक म्हणून अपात्र ठरवलं तर हेच लागू होतं का? आणि ठेकेदाराच्या चालकांचं काय?

कलम_बावीस

रंगांधळेपण कायद्याच्या परिशिष्टातल्या २१ प्रकारांत नाही, म्हणून तिथे लढाई अवघड. पण १ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणाच्या परिवहन महामंडळातल्या अशाच चालकाला पर्यायी पद द्यायला लावलं. आधार होता युनियनशी झालेला १९७९ चा करार. त्यात रंगांधळ्या चालकांना दुसरं काम देण्याचं कलम होतं. म्हणून युनियनच्या कपाटातले जुने करार बाहेर काढा. नंतरच्या कराराने ते कलम रद्द केलंय का, तेवढं तपासा.

ठेकेदाराच्या चालकाला २०(४) थेट मिळत नाही, कारण ते कलम सरकारी आस्थापनेच्या कर्मचाऱ्यापुरतं आहे. त्याच्यासाठी कलम ३ चा भेदभावाचा मुद्दा उरतो, आणि अपघात कामावर झाला असेल तर भरपाईचा दावा. रोज तीच बस चालवणाऱ्या दोघांत एवढा फरक असावा, हे मला अन्यायाचंच वाटतं. त्याचा नेमणुकीचा कागद, ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विम्याचा) क्रमांक आणि अपघाताच्या दिवशीचं ड्युटीपत्रक आजच ताब्यात घ्या. ठेका बदलला की हे कागद शोधूनही सापडत नाहीत.