गुलमर्गला जाताना हेल्मेट घ्यायचं का?

काका: मंडळी, गुलमर्गचं नक्की झालं. १८ जानेवारीला निघतोय. मी, काकू आणि सोनू. पाच दिवस स्कीइंग शिकवणार आहेत. स्की, बूट, काठ्या, इन्स्ट्रक्टर सगळं पॅकेजमध्ये. हेल्मेटचं भाडं मात्र वेगळं, माणशी रोजचं. घ्यावं का? मला तरी गरज वाटत नाही. आम्ही नवशिक्यांच्या उतारावरच असणार, खाली मऊ बर्फ, आणि लोकरीची कानटोपी आहेच.

बाबा: सोनूसाठी घे. तुमचं तुम्ही बघा.

काकू: मलाही सोनूचीच काळजी आहे. त्याचं सायकलचं हेल्मेट घरात पडलंय. तेच बॅगेत टाकू का?

दादा (म्युनिक): काकू, सायकलचं नको. का ते संध्याकाळी सांगतो, आत्ता मीटिंगमध्ये आहे. पण काका, घ्यायचं तर तिघांनाही घ्या.

काका: अरे, तू तिकडे डोंगरावरून ५०च्या वेगानं येतोस. आम्ही कुठे पळणार? आणि तो मोटार शर्यतीवाला शूमाकर स्कीइंग करताना पडला, त्याच्या डोक्यावर होतंच की हेल्मेट! काय उपयोग झाला? पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू झाली तेव्हाही मी हेच म्हणत होतो. गावातल्या गावात ३०च्या वेगाला कशाला हवं? मान अवघडते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

आत्या: बाळू, मी लिहितेय. वेळ लागेल, चष्मा सापडत नव्हता. तोपर्यंत भाड्याचं कुणाला काही कळवू नकोस.

आत्या: तू वेगाचं म्हणालास म्हणून सांगते. न्यूरो वॉर्डात मी २२ वर्षं काढली. तिथे वेगानं आपटलेले पेशंट खूप पाहिले, पण जे अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत ते हळू पडलेले. एक गृहस्थ पार्किंगच्या फाटकाशी स्कूटर वळवताना कलंडले. चालत आले, स्वतः फॉर्म भरला, माझ्याकडे पाणी मागितलं. बायको म्हणत होती, घरीच नेते, उगाच रात्रभर कशाला. दोन तासांनी त्यांना ओकारी झाली आणि एका डोळ्याची बाहुली मोठी दिसायला लागली. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून धमनी जाते. हाड तडकलं की ती फाटते, कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत जातं. साठेपर्यंत माणूस अगदी चांगला असतो, बोलतो, हसतो. तेवढ्या वेळात घरचे निर्धास्त होतात. ते गृहस्थ वाचले, कारण ऑपरेशन थिएटर त्याच इमारतीत होतं. गुलमर्गहून न्यूरोसर्जनपर्यंत पोचायचं म्हणजे बर्फातून घाट उतरून श्रीनगर गाठायचं.

आत्या: आणि ही स्कीइंगमधलीच गोष्ट. मार्च २००९, कॅनडात क्यूबेकमधलं माँ त्राँब्लाँ. नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री, वय ४५. नवशिक्यांच्या उतारावर, इन्स्ट्रक्टर बरोबर असताना पडली. हेल्मेट नव्हतं. उठली, मी ठीक आहे म्हणाली, ॲम्ब्युलन्स परत पाठवली. खोलीवर गेल्यावर डोकं दुखायला लागलं. दोन दिवसांनी गेली. मी सांगितलं तेच, आतला रक्तस्राव. तुझाच उतार, तुझाच वेग, बाळू.

काकू: बापरे. ताई, हे मला माहीतच नव्हतं.

मी: काका, आत्याचं वाचलंत का? दोन निळ्या टिका दिसतायत.

काका: वाचलं. विचार करतोय. पण शूमाकरचं उत्तर कोणी दिलं नाही.

दादा (म्युनिक): देतो काका. २९ डिसेंबर २०१३, फ्रान्समधलं मेरिबेल. तो आखलेली वाट सोडून दोन उतारांच्या मधल्या भागात गेला होता. तिथे बर्फाखाली खडक होते. पडला आणि डोकं खडकावर आपटलं. ग्रनोबलच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हेल्मेट नसतं तर तो हॉस्पिटलपर्यंतही पोचला नसता. म्हणजे एवढ्या माराला हेल्मेट पुरलं नाही हे खरंच आहे. पण त्यावरून तुम्ही काढता तो निष्कर्ष मला उलटा वाटतो.

स्कीइंगच्या हेल्मेटचं युरोपात ईएन १०७७ नावाचं मानक आहे. चाचणीत हेल्मेट घातलेलं धातूचं डोकं दीड मीटरवरून ऐरणीवर टाकतात. खाली पोचेपर्यंत त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास होतो. म्हणजे ही वस्तू मुळात तेवढ्या माराचा विचार करून बनवलेली आहे. ५०नं येऊन झाडावर आदळणाऱ्याला ती किती पुरेल, कोण जाणे. पण नवशिका कसा पडतो? उताराला घाबरून मागे झुकतो, स्की पुढे निसटतात, आणि डोकं आपल्याच उंचीवरून मागे आपटतं. तुमची उंची पाच फूट सहा इंच. ती दीड मीटरची चाचणी म्हणजे जवळजवळ तुमचंच पडणं आहे. हेल्मेट सगळ्यात जास्त कोणाच्या कामाचं असेल, तर हळू जाणाऱ्याच्या.

बाबा: हा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता.

काका: पण बर्फ मऊ असतो ना रे?

दादा (म्युनिक): ताजा पडलेला असतो. पण शिकायच्या उतारावर दिवसभर माणसं जाऊन तो दाबला जातो, दुपारी वरचा थर वितळतो, रात्री गोठतो. सकाळी नऊला त्यावर बुटाची टाच रुतत नाही. शिवाय गुलमर्गला खालच्या मैदानात स्लेज ओढणारे, फोटो काढणारे, पोरंटोरं, सगळे त्याच जागेत असतात. तुम्ही कसे पडता हे तुमच्या हातात थोडं तरी आहे, पण मागून कोण येऊन धडकेल ते अजिबात नाही. पहिल्या वर्षी मला असंच मागून एकानं उडवलं होतं. मी कडेला उभा राहून हातमोजे घालत होतो. तेव्हा माझ्याकडे हेल्मेट नव्हतं. खांद्यावर निभावलं. त्याच संध्याकाळी जाऊन विकत घेतलं.

इथे लोकांचं मत बदललं तेही एका धडकेमुळेच. १ जानेवारी २००९ ला जर्मनीतल्या थुरिंगिया राज्याचे मुख्यमंत्री डीटर अल्थाउस ऑस्ट्रियात स्कीइंग करताना एका बाईंवर आदळले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, बाईंच्या नव्हतं. ते डोक्याला जबर मार लागूनही वाचले, बाई गेल्या. त्यानंतर इथल्या दुकानांतून हेल्मेट संपली होती असं ऑफिसातली जुनी मंडळी अजून सांगतात. इटलीत २००५ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना सक्ती होती, मग १८ वर्षांपर्यंतच्यांना झाली, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून सगळ्यांनाच.

काका: सक्ती आली की मला राग येतो, ते सोड. फायदा किती, आकडा सांग.

दादा (म्युनिक): नॉर्वेतल्या २००६ च्या अभ्यासात हेल्मेट घालणाऱ्यांत डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. २०१० मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात ३५ टक्के. मानेच्या इजा वाढल्याचं त्यात आढळलं नाही. आणि मान अवघडण्याचं म्हणाल तर हे हेल्मेट साधारण अर्धा किलोचं असतं, तुमचं स्कूटरचं त्याच्या दुपटीहून जड असेल. भाड्यानं मिळतात त्यांना कानावर बहुतेक मऊ पट्ट्या असतात, ऐकू येतं.

काका: ३५ म्हणजे निम्म्याहून कमी.

आत्या: बाळू, वॉर्डात दाखल झालेल्या तिघांपैकी एकाला आपण उलट पावली घरी पाठवू शकलो असतो, हा विचार मी कितीदा केलाय तुला कल्पना नाही. ३५ मला खूप वाटतात.

काकू: मला पटलं. सायकलच्या हेल्मेटचं राहिलं.

दादा (म्युनिक): हो काकू. सायकलचं डोक्याच्या मागच्या बाजूला कमी उतरतं, आणि मागेच तर पडायचं असतं. स्कीइंगचं हेल्मेट उणे २५ अंशाला गारठवूनही आपटून बघतात, सायकलच्याची एवढ्या थंडीत परीक्षा होत नाही. स्कूटरचंही नेऊ नका, त्यात गॉगल बसत नाही आणि काच धुरकटते. तिथलंच भाड्यानं घ्या, पण बघून घ्या. आत ईएन १०७७ किंवा अमेरिकेतलं मानक एएसटीएम एफ २०४० लिहिलेलं असावं. आतला थर थर्माकोलसारखा असतो, तो स्वतः चिरडून मार घेतो, म्हणून एकदा चिरडलेलं हेल्मेट बाद. चीर किंवा खोलगट खूण दिसली तर दुसरं मागा, संकोच करू नका. पट्टा न लावता डोकं हलवून बघा. टाळूची कातडी बरोबर हलली पाहिजे. भुवईच्या वर दोन बोटांपेक्षा जास्त कपाळ उघडं नको. लोकरीची टोपी आत घालू नका, हेल्मेट सैल बसतं. पातळ माकडटोपी चालेल.

आणि काका, बूट स्कीला अडकवतात तो खटका तुमच्या वजनावर लावतात. वजन खरं सांगा, म्हणजे पडताना तो वेळेवर सुटेल. स्कीइंगमध्ये गुडघेच सगळ्यात जास्त जातात, आणि त्याला हेल्मेट काही करू शकत नाही. गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यानं अफरवाटच्या डोंगरावर फिरायला जा, पण वरून स्की करत उतरायचं मनातही आणू नका. तिथे हिमस्खलनात तरबेज माणसं गेली आहेत.

आत्या: माझं एकच मागणं. हेल्मेट असो वा नसो, कोणाचंही डोकं आपटलं तर त्या दिवशी स्कीइंग बंद. रात्री एकट्याला झोपू देऊ नका. डोकं वाढत्या प्रमाणात दुखणं, ओकारी, पेंग, बोलताना शब्द घसरणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघा. सोनूला आधीच सांगून ठेवा की पडलास तर लपवायचं नाही, कोणी रागावणार नाही. मुलं मजा बुडेल म्हणून लपवतात.

काकू: सांगितलं आत्ताच. शपथ घातली.

बाबा: बाळू, काय ठरलं?

काका: एजंटाला फोन केला. तीन हेल्मेट सांगितली, पाचही दिवसांची. तो डोक्याचा घेर विचारतोय. कुठून मोजायचा?

दादा (म्युनिक): भुवईच्या एक बोट वरून, कानांवरून, मागे जिथे डोकं सगळ्यात रुंद आहे तिथून. शिंप्याची टेप वापरा, स्टीलची नको.

काकू: सोनू ५३. हे ५८. माझा ५५ आला, पण अंबाड्यासकट.

दादा (म्युनिक): काकू, अंबाडा सोडून मोजा. तिथे मानेजवळ सैल वेणी घाला, अंबाड्यावर हेल्मेट खाली बसत नाही.

काकू: ५४.