मदत हवी आहे: ५० मीटरवर .२२ रायफलचा ग्रुप (निशाणावर गोळ्यांचा पसारा) उभाच का ताणला जातो?

बोल्ट ॲक्शन (दर गोळीला बोल्ट हाताने मागेपुढे करायची) रायफल, .२२ एलआर (लाँग रायफल) काडतूस, ४० ग्रेन वजनाची (सुमारे २.६ ग्रॅम) स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी, बेंचवर टेकवून मारलेली. ग्रुप आडवा ८ मिमी, उभा मात्र २२. निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळच १०.४ मिमीचं, म्हणजे अधूनमधून नऊ ठरलेलाच. वेग सेकंदाला १० मीटरने इकडेतिकडे झाला की गोळी साधारण ७ मिमी वरखाली जाते, म्हणून आधी संशय काडतुसांच्या लॉटवर (एका खेपेत बनलेल्या काडतुसांवर). पण लॉट बदलूनही तेच! स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू, स्कोपच्या (दुर्बिणीच्या) रिंगा पक्क्या आहेत.

चेंबर (काडतूस बसायची जागा) संपून रायफलिंग (नळीतल्या पिळाच्या खाचा) सुरू होतं तिथे काजळीचं कडक कडं साचलंय. बोल्ट मिटताना हाताला अडकल्यासारखं कळतं. शिवाय झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या केसच्या काठावर फायरिंग पिनचा (काडतुसावर आपटून ते पेटवणाऱ्या पिनचा) ठसा कधी उथळ, कधी खोल. आधी कडं काढावं की फायरिंग पिनची स्प्रिंग बदलावी? दोन्ही एकदम केलं तर दोष कुठला ते कळणारच नाही. सफाईनंतर बॅरल स्थिरावायला किती गोळ्या धराव्यात?