चिनी 'खच्यू'साठी 'सनदी परीक्षा' चालेल का? आणि 'कुलदीपक'?

प्रश्न

चीनमधल्या बादशाही काळातल्या सरकारी परीक्षांवरच्या एका लेखाचं मराठी करते आहे. तीन शब्दांपाशी अडले.

पहिला खुद्द परीक्षेचा. रोमन लिपीतून वाचलं तर 'केजू', पण चिनी उच्चार 'खच्यू'च्या जवळ जातो. मी 'सनदी परीक्षा' लिहून ठेवलंय. दुसरा, मुलगा पास झाल्यावर म्हणतात तो 'क्वांग-त्सोंग याव-त्सू'. शब्दशः, कुळाला उजेड आणि पूर्वजांना झळाळी. लगेच 'कुलदीपक' सुचलं, पण तो शब्द हल्ली सरळ अर्थाने कोण वापरतं? तिसरा, 'शू-श्यांग' घर, म्हणजे पुस्तकांचा सुवास असलेलं घर. 'विद्वानांचं घराणं' म्हणू का?

प्रतिसाद १

'सनदी' आजच्या वाचकाला कळेल, वाद नाही. पण सनद म्हणजे राजाने दिलेला लेखी अधिकार. मोडी कागद वाचणाऱ्याला 'सनदी' म्हटलं की इनाम-वतन आठवतं, परीक्षा नव्हे.

'खच्यू'मधला 'ख' म्हणजे विषय किंवा वर्ग आणि 'च्यू' म्हणजे उचलून धरणं, शिफारस करणं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान घराण्याच्या काळात परीक्षा मुख्य नव्हती. स्थानिक अधिकारी लायक माणसांची नावं वर कळवत, आणि त्यातल्या एका प्रकाराचं नावच 'आईबापांची सेवा करणारा व सचोटीचा' असं होतं. पुढे सुई घराण्यापासून, सातव्या शतकाच्या सुरुवातीला, परीक्षा आली. १९०५ मध्ये ती बंद झाली तोवर शिफारशीचा शब्द तिला चिकटून राहिला. प्रांताची परीक्षा पास झालेला 'च्यूरन', म्हणजे शिफारस झालेला माणूस, मग त्याची कुणी शिफारस केलेली असो वा नसो!

माझं मत, पहिल्यांदा 'खच्यू, म्हणजे सरकारी नेमणुकीची परीक्षा' असं लिहा आणि मग नुसतं खच्यू. 'तमाशा'चं भाषांतर आपण कुठे करतो?

प्रतिसाद २

'घराणं' नको. आपल्याकडे घराणं म्हटलं की बापाकडून लेकाकडे आलेलं काहीतरी, मग ती देशमुखी असो की गायकी. खच्यूची पदवी वारशाने मिळत नसे. मोठ्या अधिकाऱ्याच्या मुलाला परीक्षेशिवाय नोकरी मिळण्याची एक वाट होती, तिचं नाव 'यिन', म्हणजे झाडाची सावली. सोंग काळात (दहावं ते तेरावं शतक) ही सावली चांगली ऐसपैस होती, मिंग-छिंग काळात (चौदाव्या शतकापासून पुढे) बरीच आटली. (यिन-यांगमधला यिन वेगळा. घोटाळा नको.)

पण पदवी एकट्याची असली तरी अभ्यासाचा खर्च अख्ख्या कुळाचा. पोराला दहा-पंधरा वर्षं शेतात न लावता पाठांतराला बसवायचं, मास्तराचा पगार द्यायचा, परीक्षेच्या गावाला जायचा खर्च करायचा. बड्या कुळांच्या सामाईक जमिनी असत आणि त्यांच्या उत्पन्नातून पोरांची शाळा चाले. सूचौ शहरातल्या फान चोंगयान या अधिकाऱ्याने अकराव्या शतकात घालून दिलेली अशी जमीन प्रसिद्ध आहे. अर्जात बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावं लागत. नट किंवा कचेरीतले शिपाई यांच्या मुलांना बसूच देत नसत. आई किंवा बाप वारला की सत्तावीस महिने सुतक, तेवढ्यात परीक्षा आली तर गेली.

एक उदाहरण देतो. हूनानचा त्संग क्वोफान पुढे छिंग दरबारातला बडा सेनापती झाला. आजोबा शेतकरी. बाप सगळ्यांत खालची 'श्यौत्साय' पदवी सतराव्या खेपेला पास झाला, वय त्रेचाळीस. पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, मुलाने तीच पदवी घेतली आणि १८३८ मध्ये तो सर्वांत वरची 'चिन्श' झाला. याला घराणं म्हणणार की नुकतं वर आलेलं घर? मी साधं 'लिहित्या-वाचत्यांचं घर' म्हणेन. सुवास गेला तरी चालेल.

प्रतिसाद ३

'कुलदीपक'बद्दल ताईंची शंका रास्त आहे. मराठीत उजेडाचे बहुतेक शब्द टोमण्यात गेलेत. 'काय दिवे लावलेस' हे बारावीच्या निकालाच्या दिवशी आमच्या घरात दोनदा ऐकलंय, दोन्ही वेळा माझ्यासाठीच. 'बेचाळीस पिढ्यांचा उद्धार' तर थेट शिवीगाळीला म्हणतात. मला 'नाव काढलं' जवळचं वाटतं. 'पोराने घराण्याचं नाव काढलं' हे अजून सरळ अर्थाने म्हणतात.

नावावरून आठवलं, नापास होण्याला चिनीत 'नाव सुन शानच्या मागे पडणं' म्हणतात. सोंग काळातली गोष्ट आहे. सुन शान परीक्षा देऊन गावी परतला. तो यादीत शेवटचा होता. बरोबर गेलेल्या मुलाच्या बापाने विचारलं, आमच्याचं काय? सुन शान म्हणाला, यादी संपते तिथे सुन शान, आपले चिरंजीव सुन शानच्याही पलीकडे. आपल्याकडे हेच 'दांडी उडाली' म्हणून मोकळे झालो असतो.

प्रतिसाद ४

थोडं अवांतर. या अधिकाऱ्यांना युरोपात 'मँडरिन' म्हणू लागले, तो शब्द आपल्या घरचाच. संस्कृत मंत्री, मलयमध्ये मेंतरी, मलयातलं मलाक्का बंदर घेतलेल्या पोर्तुगिजांच्या तोंडी मांदारिम. अष्टप्रधानांतला 'मंत्री' म्हणजे वाकनीस होता, तो शब्द समुद्रावरून फिरून चीनच्या अधिकाऱ्याला चिकटला. तेव्हा लेखात 'मँडरिन अधिकारी' लिहू नका, 'मंत्री मंत्री' लिहिल्यासारखं होईल.

प्रतिसाद ५

'नाव काढलं'ला माझी हरकत आहे. 'पूर्वजांना झळाळी' हा नुसता अलंकार नव्हे. अधिकारी ठराविक दर्जाला पोचला की बादशहाकडून त्याच्या आईबापांना, आजोबा-आजीलाही किताब मिळे, मेलेल्यांनासुद्धा. जिवंतांसाठीचा शब्द वेगळा, मृतांसाठीचा वेगळा. जन्मभर नांगर धरलेला आजोबा मेल्यानंतर दर्जेदार होई आणि तो किताब कबरीच्या दगडावर कोरला जाई. बायकांना परीक्षेला बसताच येत नव्हतं, पण पोराला पहिली अक्षरं शिकवणारी आई कितीतरी घरांत असे. तिलाही बादशाही कागद मिळे. प्रतिसाद १ मध्ये तुम्ही 'सनद' हाकलून लावलीत ना? ती इथे वापरा. सनद मुलाच्या परीक्षेला नाही, आईच्या किताबाला.

आणि वाक्प्रचार मराठीत आहे की: 'पांग फेडले'. अजून सरळ अर्थाने म्हणतात.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. 'खच्यू' ठेवते, 'घराणं' काढते. 'पांग फेडले' आवडलं, पण पांग आईबापांचे फेडतात. मेलेल्या पणज्यापर्यंत ताणता येईल का? सध्या 'साऱ्या कुळाचे पांग फेडले' असं लिहून बघितलंय. किताबाच्या कागदाला 'सनद' पक्कं.

आता चौथा शब्द. पहिली पदवीही न मिळालेल्याला 'थोंगशंग' म्हणतात, शब्दशः बालविद्यार्थी, मग तो सत्तर वर्षांचा का असेना. 'बालविद्यार्थी' लिहिलं की वाचकापुढे चड्डीतला मुलगा येतो.

प्रतिसाद २

पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेबाहेर चहा पिणारा बत्तीस वर्षांचा बाप्या असतो, आणि चहावाला म्हणतो, 'ही एमपीएससीची पोरं'. 'पोरगा' लिहा. पहिल्यांदा वय सांगून.