मदत हवी आहे: १/७२ की १/४८? कायमचं एकच स्केल ठरवायचं आहे

प्रभादेवी_पश्चिम (धागाकर्ता)
नमस्कार. विमानांच्या प्लास्टिक किट्ससाठी एकदाच काय ते स्केल (मॉडेल खऱ्या विमानाच्या कितवा भाग) ठरवून टाकायचं आहे. १/७२ घेऊ की १/४८? जुने धागे वाचले, सगळीकडे शेवटी "ज्याची त्याची आवड" एवढंच आहे. त्याने माझं काम होत नाही. परदेशातून नातेवाईक येत आहेत, त्यांना रविवारपर्यंत यादी पाठवायची आहे. बॅगेत चार खोकी मावतील. कृपया सरळ उत्तर द्या.

स्प्रूकटर
सरळ उत्तर देण्याइतकं प्रश्नात काही नाही. कोणती विमानं बांधणार? पंख्याची, जेट, प्रवासी? रंग ब्रशने की एअरब्रशने (हवेच्या दाबाने फवारून)? आणि ठेवणार कुठे? कपाटाची आतली खोली सेंटीमीटरमध्ये सांगा, बाकीचं त्यानंतर बोलू.

पावइंच_एकफूट
१/४८ घ्या, विचारच करू नका. साच्यात कोरलेली पॅनेलची रेघ ०.१ मिमी धरा. ७२ ने गुणलं की प्रत्यक्ष विमानावर ७ मिमीहून मोठी फट होते, ४८ मध्ये ती ५ मिमीच्या आत राहते. हा फरक डोळ्याला लगेच कळतो. पिटॉट नळीचंही (विमानाचा वेग मोजायची बाहेर आलेली बारीक नळी) तेच. इन्सुलिनची ३१ गेजची सुई बाहेरून साधारण ०.२६ मिमी असते, ४८ मध्ये ती साडेबारा मिमीची नळी झाली. ७२ मध्ये तीच पावणेदोन सेंटीमीटरच्या पुढे जाते. कॉकपिटमध्ये सीटचे पट्टे, थ्रॉटल, बाजूचे पॅनेल सुटे रंगवता येतात. ७२ मध्ये पायलटच्या सीटवर ब्रश टेकवला की आजूबाजूचं सगळं रंगतं.

मोकळंआकाश
रिमोटवर उडवायचं पहिलं विमान असेल तर साधारण १ मीटर पंखविस्ताराचं फोमचं हाय-विंग ट्रेनर घ्या. थ्री सेल २२०० एमएएच बॅटरी, चार चॅनेल, जायरो असलेला रिसीव्हर. बाल्सा लाकडाच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका, पहिल्याच पडण्यात पंखाच्या फासळ्या तुटतात. मात्र मुंबईत विमानतळाच्या आसपास उडवायला परवानगी नाही, मैदान लांबचंच बघावं लागेल.

प्रभादेवी_पश्चिम
उडवायचं नाही हो, कपाटात ठेवायचं आहे. भारतीय हवाई दलाची विमानं, स्पिटफायरपासून सुखोईपर्यंत. हे लिहायचं राहिलं. आता तरी सांगा.

मोजपट्टी
हे आधी लिहिलं असतं तर निम्मी चर्चा वाचली असती. आकडे घ्या.

नॅट: लांबी ८.७४ मीटर. ७२ मध्ये १२ सेंमी, ४८ मध्ये १८.
हंटर: पंख १०.२६ मीटर. ७२ मध्ये १४, ४८ मध्ये २१.५.
सुखोई-३० एमकेआय: लांबी २१.९, पंख १४.७ मीटर. ७२ मध्ये ३०.५ × २०.५, ४८ मध्ये ४५.५ × ३०.५.

एकच स्केल धरायचं ते याचसाठी. नॅट सुखोईच्या पंखाशेजारी ठेवलं की ते किती चिमुकलं होतं हे पाटी न लावता दिसतं. दोन स्केल मिसळली की ती गंमत गेली. आता कपाट किती खोल आहे ते सांगा, घोडं तिथेच अडणार आहे.

जंबोप्रेमी
कोणीच १/१४४ चं नाव घेत नाही याचं आश्चर्य वाटतं. भारतीय विमानं म्हणता आणि एअर इंडिया सोडता? ७४७-२०० घ्या, १९७१ मध्ये आलेलं. लांबी ७०.६६ मीटर म्हणजे १४४ मध्ये ४९ सेंमी, पंख ४१.५. किट घेताना खोक्यावर ७४७-८ नाही ना, ते बघा. त्याचा सांगाडा लांब आहे, पंख आणि इंजिनंही वेगळी. खिडक्यांभोवतीच्या झरोक्यांच्या लाल कमानी हीच खरी परीक्षा. त्या डेकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील फिल्म) लांब पट्ट्यांमध्ये येतात. एक पट्टी एका दमात लावू नका. पंखाच्या पुढे, पंखावर आणि पंखामागे असे तीन तुकडे करा, कापणी दोन खिडक्यांच्या मधोमध. आधी ग्लॉस व्हार्निश, नाहीतर फिल्मखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात.

स्प्रूकटर
माहिती चांगली आहे, पण त्यांनी हवाई दल म्हटलंय. धागाकर्ते, कपाट?

प्रभादेवी_पश्चिम
भिंतीतलं काचेचं कपाट. आतून खोली २६ सेंमी, रुंदी ८५. चार फळ्या, दोन फळ्यांमध्ये ३० सेंमी. एअरब्रश नाही आणि घेणारही नाही, घरात लहान मूल आहे आणि जागा नाही. आतापर्यंत चार किट्स केली, सगळी ७२ ची. म्हणून तर ४८ मोह घालतंय.

मोजपट्टी
मग निकाल लागला. ४८ चं सुखोई २६ सेंमीच्या फळीवर बसत नाही. आडवं ठेवलं तरी पंखच ३०.५ सेंमी आहेत, काच लागणार नाही. ७२ मध्ये आडवं ठेवून खोलीत साडेपाच सेंमी उरतात आणि ८५ च्या रुंदीत दोन सुखोई आणि मध्ये एक नॅट आरामात.

पावइंच_एकफूट
तिरकं ठेवता येतं की.

मोजपट्टी
वर्तमानपत्रावर वरून दिसणारा आकार काढून कापून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. तिरकं केलं की पंखाचं टोक आत येतं, पण मागचं आडवं शेपूट तेवढंच बाहेर सरकतं. सुखोईची शेपटी रुंद आहे, मेख तिथे आहे. कुठल्याही कोनात २६ च्या आत येत नाही. खोकं उघडायच्या आधी प्रत्येक मोठ्या किटचा असा कागद कापून फळीवर ठेवायची सवयच लावा.

पावइंच_एकफूट
बरं, सुखोई सोडा. स्पिटफायर, हंटर, मिग-२१ सगळी ४८ मध्ये त्या फळीवर बसतात. एका विमानासाठी बाकीच्या दहांचे बारकावे का घालवायचे? एडुअर्ड कंपनीचं ४८ मधलं मिग-२१ बघा, रिव्हेटच्या ओळी बघा, मग बोला.

स्प्रूकटर
एडुअर्डचं मिग-२१ ७२ मध्येही आहे आणि रिव्हेट तिथेही आहेत. मुख्य म्हणजे हे गृहस्थ ब्रशने रंगवणार. ४८ मधल्या जेटच्या पंखावर राखाडी रंगाचा मोठा सपाट भाग येतो, तिथे ब्रशचे ओरखडे लपत नाहीत. ७२ मध्ये तोच भाग क्षेत्रफळाने निम्म्याहून कमी होतो, ओला रंग सुकायच्या आत कडेपर्यंत ओढता येतो. एअरब्रश नसेल तर ७२ हा त्यातल्या त्यात शहाणा निर्णय.

दाबमापक
एअरब्रश घ्याच. ०.३ मिमी नोझल, १५ ते २० पीएसआय, आणि मुंबईत मॉइश्चर ट्रॅपशिवाय चालू करू नका. जुलैत कॉम्प्रेसर हवेतलं पाणी पिळून काढतो, ट्रॅप नसला तर रंगासोबत पाण्याचे थेंब उडतात. लॅकर मारत असाल तर पावसाळ्यात पृष्ठभाग पांढुरका पडतो. थिनर उडताना प्लास्टिक गार होतं आणि त्यावर दव धरतं. रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव) असलेला लेव्हलिंग थिनर वापरला की कमी होतं.

वॉटरपेपर
@दाबमापक, त्यांनी "घेणारही नाही" असं स्वच्छ लिहिलंय. लहान मुलाच्या घरात लॅकर थिनर कशाला?

ब्रशवाल्यासाठी सांगते. ब्रशने वालेहो कंपनीचा रंग सोपा जातो. तामियाचे अ‍ॅक्रिलिक ब्रशने लावले तर दुसरा थर खालचा थर उचलतो, मग गोळे होतात. १० ते १२ मिमीचा चपटा सिंथेटिक ब्रश, रंगात थोडा रिटार्डर, पंखा बंद. पंख्याखाली रंग ब्रशवरच सुकतो आणि तो कोरडा काठ पुढच्या ओढीत खरवडतो. पहिला थर पंखाच्या टोकाकडे, दुसरा त्याला काटकोनात, असे तीन-चार पातळ थर. पावसाळ्यात दोन थरांमध्ये निदान चार तास जाऊ द्या, वरून कोरडा लागला तरी आत ओलावा असतो. दाणे राहिले तर नागदेवी स्ट्रीटवरून २००० नंबरचा वॉटर पेपर आणा, पाण्यात थोडा साबण, आणि अगदी हलका हात.

आणखी एक, कारण सगळे स्केलवरच भांडत आहेत. पुढच्या चाकावर उभी राहणारी बहुतेक जेट विमानं नाकात वजन न घालता बांधली तर शेपटीवर बसतात. सांगाडा चिकटवल्यावर ते कळून उपयोग नाही. दोन्ही अर्ध्या भागांना टेप लावा, पंख टेपनेच बसवा, मुख्य चाकांच्या जागी खालून पेन्सिल आडवी धरा. नाक खाली गेलं पाहिजे. जात नसेल तर जाईपर्यंत नाकावर बाहेरून वजन चिकटवत जा आणि वर थोडं जास्तीचं घाला, कारण रंग आणि मागचे सुटे भाग अजून लागायचे आहेत. तेवढंच वजन मग आत घाला. ७२ मध्ये हे काही ग्रॅमचंच काम असतं, पण मिग-२१ सारख्या विमानात नाकातून हवेचा मार्ग जातो, त्यामुळे जागा फार कमी. ती आधीच बघून ठेवा.

स्प्रूकटर
गळाचं शिसं वापरा, कमी जागेत जास्त वजन. पण ते फेविकॉलने चिकटवू नका. शिशावर हळूहळू पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि वर्षा-दोन वर्षांत नाकाचा जोड उकलतो. इपॉक्सीत बुडवा.

वॉटरपेपर
मूल आहे घरात, शिसं नकोच. सायकलच्या दुकानात बेअरिंगचे छर्रे मिळतात, ते पोलादी. तेवढ्याच वजनाला सुमारे दीडपट जागा लागते, पण कॉकपिटच्या तळाखाली आणि सीटच्या मागे भरता येतात. एम-सीलमध्ये दाबून बसवा म्हणजे नंतर खुळखुळत नाहीत.

प्रभादेवी_पश्चिम
छर्र्यांचं उपयोगी आहे, धन्यवाद. मागच्या दोन किट्समध्ये कॅनोपी (कॉकपिटवरची काच) आतून धुरकट झाली. फेविक्विक वापरलं होतं. ४८ मध्ये हा त्रास कमी होतो का?

वॉटरपेपर
स्केलचा संबंध नाही. ते गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं आणि त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. मुंबईच्या हवेत तर भराभर. कॅनोपीला फेविकॉल एमआर, टोकदार काडीने, कडेलाच. सुकल्यावर पारदर्शक होतं आणि जास्तीचं ओल्या ब्रशने पुसता येतं. रात्रभर टेप लावून ठेवा.

कुबड
यादी करताय म्हणून सांगतो, स्केलपेक्षा मॉडेलचा प्रकार चुकण्याचा धोका मोठा आहे. मिग-२१ म्हणजे एक विमान नव्हे. आपल्याकडे एफएल, एम, एमएफ, बिस आणि बायसन असे प्रकार होते. १९६३ ते २६ सप्टेंबर २०२५ एवढ्या काळात रंगही बदलले. बिसच्या पाठीवरचं कुबड एमएफपेक्षा मोठं आहे, ते खरवडून दुरुस्त होत नाही. १९७१ च्या युद्धातलं मिग हवं असेल तर एफएल शोधा, बिसचं खोकं घेऊन चालणार नाही. नॅटचंही तसंच. एअरफिक्सचं ७२ आणि ४८ मधलं नॅट टी.१ म्हणजे दोन आसनी ट्रेनर. १९६५ ला लढलेलं आपलं नॅट एक आसनी, नाकापासून कॉकपिटपर्यंत आकारच वेगळा.

सुखोईसाठी ७२ मध्ये झ्वेझदाचं सुखोई-३० एसएम घ्या. एसएम एमकेआयवरूनच बेतलेलं आहे, कॅनार्ड (पुढचे छोटे पंख) आहेत, फिरणारी नोझल आहेत. अँटेना मात्र फोटो समोर ठेवून तपासा. हवाई दलाची गोल चिन्हं वेगळ्या डेकल शीटवर घ्या आणि ती शीट त्याच स्केलची हवी. भगवा रंग गडद हिरव्यावर मळकट दिसतो, खाली पांढरं वर्तुळ आधी रंगवा.

ठाणे_लोकल
मारुत हे आपलं लढाऊ जेट विसरू नका. कुर्ट टांक यांच्या हाताखाली बंगळूरला घडलेलं, १९६१ मध्ये उडालेलं. एअरफिक्स, रेव्हेल, तामिया यांपैकी कोणीही ते काढलेलं नाही, त्यामुळे लहान उत्पादकांकडे शोधावं लागतं. पण वरळीला नेहरू सायन्स सेंटरमध्ये खरं मारुत उभं आहे, तुम्हाला प्रभादेवीहून हाकेच्या अंतरावर. चाकांच्या खोबणी, हवा शिरायच्या वाटा, पंखाचा पाठीशी जोड यांचे फोटो काढून ठेवा. मोजायला शेजारी एक फूटपट्टी धरली की फोटोवरून मापं काढता येतात.

जंबोप्रेमी
आणि लिबरेटर, ते चार इंजिनांचं बॉम्बफेकी? हवाई दलात १९६८ पर्यंत होतं. पंख ३३.५ मीटर, लांबी २०.६. तुमच्या लाडक्या ७२ मध्ये ४६.५ × २८.५. नाक पुढे करून ठेवलं तरी २६ च्या फळीत अडीच सेंमी बाहेर. १४४ मध्ये २३ × १४, कुठेही बसतं.

मोजपट्टी
हे खरं आहे. चार इंजिनांची विमानं ७२ मध्ये या कपाटात येत नाहीत. एक तर ती कपाटाच्या माथ्यावर वेगळ्या पेटीत ठेवायची, नाहीतर एक अख्खी फळी १४४ ची करायची, पण ती ७२ च्या फळीत मिसळायची नाही. लढाऊ ७२, वाहतूक आणि बॉम्बफेकी १४४. दोन्हींचं प्रमाण बरोबर दुप्पट आहे, नजर फसत नाही.

पावइंच_एकफूट
म्हणजे शेवटी दोन स्केल झालीच. मग एक फळी ४८ ची का नको?

स्प्रूकटर
कारण ४८ च्या फळीवरचं हंटर वरच्या फळीवरच्या सुखोईपेक्षा रुंद दिसेल. २१.५ आणि २०.५. ते रोज डोळ्यांना खुपेल.

प्रभादेवी_पश्चिम
ठरलं, ७२. यादी पाठवली: स्पिटफायर, हंटर, मिग-२१ बिस आणि झ्वेझदाचं सुखोई. नॅट एक आसनी मिळालं तर हंटरच्या जागी. लिबरेटरचं नंतर बघतो. फळ्यांमधलं ३० सेंमी अंतर ७२ ला फार वाटतंय, मध्ये आणखी एक फळी टाकू का? ३ मिमी अ‍ॅक्रिलिक चालेल?

मोजपट्टी
फळी टाका. सुखोईची उंची ६.३६ मीटर, म्हणजे ७२ मध्ये ९ सेंमीच्या आत. १५ सेंमी पुरतात आणि हात आत जातो. ३ मिमी अ‍ॅक्रिलिक ८५ सेंमीच्या लांबीत मध्ये झोल खाईल. ६ मिमी काच घ्या, कडा घासून घेतलेली, आणि मध्ये मागच्या बाजूला एक टेकू. कपाट बाहेरच्या भिंतीत आहे का? असेल तर पावसाळ्यात तिथली पाठ गार आणि ओलसर राहते, विमानं भिंतीपासून दोन सेंमी पुढे ठेवा आणि कोपऱ्यात सिलिका जेलच्या पिशव्या.

प्रभादेवी_पश्चिम
हो, बाहेरचीच भिंत, पश्चिमेची.

वॉटरपेपर
मग दुपारचं ऊनही येत असणार. उरलेल्या डेकल शीट्स त्या कपाटात ठेवू नका, फिल्म पिवळी पडते. झिपच्या पिशवीत, दोन शीट्समध्ये बटर पेपर घालून, आतल्या खोलीत.