मदत हवी आहे: चेक इंजिनचा दिवा फक्त हायवेवर, तोही परतीच्या प्रवासात लागतो (पी०४२०)

नमस्कार मंडळी,

गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, पहिल्यापासून आमच्याकडेच. पावसाळ्यानंतर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागायला लागलाय. स्कॅनर लावला की कोड निघतो पी०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग, थोडक्यात कॅट) काम ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी पडतंय. गॅरेजवाले कोड पुसून देतात, दिवा जातो. मग पुण्यात रोजची हडपसर-कोथरूड ये-जा कितीही झाली तरी तो परत येत नाही. कोल्हापूरला जातानाही नाही. येताना मात्र कराड सोडून उंब्रजच्या आसपास आलो की हमखास लागतो. दिवा स्थिर असतो, लुकलुकत नाही. अ‍ॅव्हरेज पडलेलं नाही, पीयूसी पास आहे, ओढ पहिल्यासारखीच आहे.

गॅरेजचं म्हणणं, कॅट गेला, बदला. खर्च पाच आकडी. दुसऱ्या एकाने कॅट काढून सरळ पाइप टाकायचा सल्ला दिला. तो मला मान्य नाही. आपल्या मागे स्कूटरवर कोणीतरी पोराला शाळेत सोडायला निघालेलं असतं, तो धूर त्यांच्या तोंडावर जातो.

मी स्वतः वाचून समजून घेतलं ते असं. ईसीयू (इंजिन सांभाळणारा कंप्युटर) कॅट थेट मोजत नाही. कॅटच्या अलीकडे एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि पलीकडे एक. हवा-पेट्रोलचं मिश्रण क्षणात रिच (पेट्रोल जास्त), क्षणात लीन (पेट्रोल कमी) होत असतं, म्हणून पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९च्या मध्ये सतत खालीवर होतं. चांगला कॅट ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे मागचा सेन्सर जवळपास स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की कॅटची साठवण संपली असं ईसीयू धरतो.

या वेळी कोड पुसू दिला नाही. ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ (गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावून मोबाइलवर कोड वाचायचा डोंगल) घेऊन फ्रीझ फ्रेम (दोष नोंदला गेला त्या क्षणाचे आकडे) वाचली: कूलंट ९२ अंश, वेग ताशी ८० किमी, आरपीएम २४००, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली दुरुस्ती) अधिक ११ टक्के.

मला कळत नाही ते हे. इंजिनाला खरा ताण शहरात पडतो, मग दोष तिथे का दिसत नाही? जातानाचा आणि येतानाचा रस्ता एकच, मग दिवा येतानाच का? आणि एवढ्या पुराव्यावर कॅट बदलायचा का?

प्रतिसाद १

कोड पुसू दिला नाहीत हे फार चांगलं केलंत. नाहीतर ही फ्रीझ फ्रेम हातात आलीच नसती.

शहरात दोष दिसत नाही, कारण तिथे कॅटची चाचणीच होत नाही. मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं), इंधनाचं मिश्रण आणि वायरिंग यांवर ईसीयूची नजर गाडी चालू असेपर्यंत असते. कॅटची तपासणी मात्र इंजिन पूर्ण तापलेलं, वेग बऱ्यापैकी एकसारखा आणि अ‍ॅक्सिलरेटर स्थिर असेल तेव्हाच होते. नेमक्या अटी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. मगरपट्ट्याच्या सिग्नलवर त्या पूर्ण होणं कठीण. खंबाटकी घाटातही नाही. सातारा-कराड पट्ट्यात मात्र सलग होतात. अ‍ॅपमध्ये ‘रेडिनेस’ किंवा ‘मॉनिटर’ नावाचं पान उघडा. कोड पुसल्यावर तिथे कॅटसमोर ‘अपूर्ण’ दिसतं आणि अशी चाचणी होईपर्यंत तसंच राहतं. दिवा गेला म्हणजे दोष गेला असं नाही, परीक्षा अजून झालेलीच नसते. (जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी हे पान जरूर बघावं. कोड एकही नाही आणि मॉनिटर सगळे अपूर्ण असतील, तर कोड नुकतेच पुसले असावेत किंवा बॅटरी काढली असावी.)

आता येतानाच का. बहुतेक गाड्यांत अशा दोषासाठी एका प्रवासावर दिवा लावत नाहीत. पहिल्या प्रवासात चाचणी नापास झाली की कोड ‘पेंडिंग’ म्हणून नोंदला जातो, दिवा बंदच. पुढच्या चाचणीत पुन्हा नापास झाली की कोड पक्का होतो आणि दिवा लागतो. कोल्हापुरातल्या फेऱ्यांत चाचणीच झाली नसणार, त्यामुळे मधे पेंडिंग पुसला गेला नाही. पुढच्या वेळी कोल्हापूरला पोचल्यावर पेंडिंग कोड वाचा, मिळायला हवा. हे पान वेगळं असतं. गॅरेजमध्ये बऱ्याचदा फक्त पक्के कोड बघतात.

दोष खरोखर गेला तर काही पुसावं लागत नाही. साधारणपणे सलग तीन प्रवासांत चाचणी पास झाली की दिवा आपोआप विझतो. कोड आत राहतो आणि पुढे ४० वेळा इंजिन थंड असताना सुरू होऊन नीट तापलं की तोही जातो. हाताने पुसलं की कोडबरोबर फ्रीझ फ्रेम आणि मॉनिटरची प्रगती जाते, आणि बऱ्याच गाड्यांत शिकलेली फ्युएल ट्रिमसुद्धा.

कॅट इतक्यात बदलू नका. तुमची ११ टक्क्यांची ट्रिम मला खटकते. ईसीयूला मिश्रण लीन वाटतंय आणि तो जास्त पेट्रोल टाकतोय. हे आधी निस्तरल्याशिवाय कॅटच्या निकालावर माझा विश्वास बसणार नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. आधी एक्झॉस्टची गळती बघा. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा फ्लँजच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती पुढच्या सेन्सरच्या अलीकडे शिरली तर सेन्सर लीन दाखवतो आणि ट्रिम वर जाते. दोन सेन्सरच्या मधे शिरली तर मागचा सेन्सर नाचतो आणि चांगला कॅटही नापास होतो. पावसाळ्यानंतर गंजलेले बोल्ट आणि जोड हे तर नेहमीचंच. सकाळी इंजिन थंड असताना सुरू करा, बॉनेट उघडून फटफट आवाज ऐका, जोडांवर काळी काजळी दिसते का बघा.

तिथे काही नसेल तर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आणि २५०० आरपीएमला ट्रिम वेगवेगळी लिहून घ्या. आयडलला जास्त आणि वर गेल्यावर कमी झाली तर इनटेकची (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाची) गळती शोधा. लोड वाढला की वाढत गेली तर फ्युएल पंप किंवा फिल्टर. इंजिन ऑइल कमी होतंय का तेही सांगा. जळालेल्या ऑइलची राख कॅटवर बसते आणि मग नवा कॅटही फार टिकत नाही.

दिवा स्थिर आहे म्हणून गाडी चालवायला हरकत नाही. लुकलुकायला लागला तर लगेच अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या, मिसफायरमुळे न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तो वितळू शकतो. आणि डोंगल रात्री काढून ठेवा. त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कोणीतरी आधी हे एवढं समजावून सांगितलं असतं तर कॅटच्या कोटेशनने घरात जी चिंता पसरली ती टळली असती. ऑइल दोन सर्व्हिसच्या मधे भरावं लागत नाही, डिपस्टिक बघत असतो. आत्ता खाली जाऊन ट्रिम बघून आलो: आयडलला अधिक ९, २५०० आरपीएमला अधिक १२. फारसा फरक नाही, म्हणजे इनटेकपेक्षा एक्झॉस्टची शक्यता जास्त धरू ना? मॅनिफोल्डखालच्या जोडावर एका बाजूने काळपट डाग आहे. फोटो संध्याकाळी टाकतो.

पुण्यात हडपसर भागात धूर सोडून एक्झॉस्टची गळती तपासून देणारं कोणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गॅस्केट बदलल्यावर कोड पुसणार नाही, दिवा आपोआप जातो का ते बघून इथेच कळवतो.