अनुभव धागा : पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४ गेम कन्सोल) वर गेम पुन्हा पुन्हा अडखळतो, नेमकं काय केल्याने सुटलं?

"लॅग होतंय (गेम अडखळतोय), काय करू?" एवढंच लिहू नका. कधी होतंय ते आधी सांगा: नव्या भागात शिरताना, तासाभराने, की फक्त ऑनलाइन? निम्मं उत्तर त्यातच असतं.

घाटवाट
ओपन-वर्ल्ड गेममध्ये गाडी जोरात हाणली की इमारती उशिरा उमटतात, चित्र क्षणभर थिजतं? मग आधी आतल्या हार्ड डिस्कवर संशय घ्या. फुकटचा उपाय असा: कन्सोल पूर्ण बंद करा, पॉवर बटण साधारण ७ सेकंद, म्हणजे दुसरी बीप येईपर्यंत, दाबून धरा, की सेफ मोड (दुरुस्तीचा मेनू) उघडतो. कंट्रोलर केबलनेच जोडा, सेफ मोडमध्ये ब्लूटूथ चालत नाही. पाचवा पर्याय 'रिबिल्ड डेटाबेस' (डिस्कवरच्या माहितीची यादी नव्याने लावणारा) निवडा. गेम आणि सेव्ह (खेळाची साठवलेली प्रगती) शाबूत राहतात. त्याखालचे सहावा-सातवा पर्याय मात्र 'इनिशियलाइज'चे आहेत, तिथे बोट गेलं की सगळं साफ!

तरीही रखडत असेल तर हार्ड डिस्कच्या जागी २.५ इंची साटा जोडणीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका, जाडी ९.५ मिमीपर्यंत चालते. सेव्ह आधी पेनड्राइव्हवर घ्या. नव्या डिस्कसाठी सिस्टिम सॉफ्टवेअरची 'रीइन्स्टॉल'वाली मोठी फाइल लागते, साधारण १ जीबीची. बहुतेकजण नेहमीची छोटी अपडेट फाइल उतरवतात, कन्सोल ती घेत नाही, आणि मग एसएसडीच खराब निघाली असं वाटतं. पेनड्राइव्हवरच्या फोल्डरांची नावंही सोनीने सांगितल्याप्रमाणे, इंग्रजी कॅपिटलमध्येच हवीत. एक लक्षात ठेवा, सेकंदाला ३० फ्रेमला (चित्रांना) बांधलेला गेम एसएसडीवरही ३०च देणार. कमी होतं ते लोडिंग आणि मधले झटके.

निशाचर
जागेबद्दल भर घालतो. पीएस४ पॅच (गेमचं अपडेट) लावताना आख्खा गेम नव्याने कॉपी करतो, म्हणून ५० जीबीच्या गेमला तेवढीच मोकळी जागा आणखी लागते. शिवाय रेस्ट मोडमध्ये (कन्सोल पूर्ण बंद न करता झोपवून) गेम दिवसेंदिवस तसाच सोडू नका. 'क्लोज ॲप्लिकेशन' करून पुन्हा चालू केला की बरेच झटके जातात.

विदर्भवासी
मे महिन्यात पंखा जेटसारखा ओरडतो, मग 'खूप गरम' अशी सूचना येते आणि कन्सोल बंद पडतो. हे धुळीचं काम. जुन्या जाड मॉडेलला मागच्या स्क्रूंसाठी मधे भोक असलेला टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट लागतो, टी८ किंवा टी९. प्लग काढून थोडा वेळ थांबा, मग उघडा. पॉवर सप्लाय उचलल्यावर हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत धुळीचा नमद्यासारखा थर दिसेल, खरा अडथळा तोच. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळा गरगरला तर बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) वाळून तडकली असेल तरच बदला, तीही तांदळाच्या दाण्याएवढी.

कोकणकडा
आपण नीट फिरतोय पण समोरचे खेळाडू उड्या मारत सरकतात? ते नेटवर्क. इथे रिबिल्डचा काडीचा उपयोग नाही. मूळ पीएस४ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय आहे. ५ गिगाहर्ट्झ स्लिम आणि प्रो या नंतरच्या मॉडेलांपासून आलं. इमारतीत शेजारचे दहा राउटर त्याच पट्ट्यात असतात, म्हणून सरळ लॅन केबल ओढा.

निशाचर
आणि काही वेळा गेमच त्या यंत्राला जड असतो. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला, परत आला जून २०२१ मध्ये. अशा वेळी कन्सोल उघडू नका, पॅचची वाट पाहा. प्रो असेल तर जुन्या गेमसाठी सेटिंग्जमधल्या सिस्टिममध्ये 'बूस्ट मोड' चालू करून बघा.