नकोशा ईमेलचे तुमचे अनुभव

रानवारा
काल आईचा मेलबॉक्स साफ करायला बसले. न वाचलेली ११,००० पत्रं! बक्षिसं, कर्जं, वजन कमी करा. आणि स्पॅममध्ये तिच्या मैत्रिणीचं खरंखुरं लांबलचक पत्र. बघितलं आणि पोटात कालवलं. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीचं माझं बोलावणं असंच स्पॅममध्ये पडून होतं, दिसलं तेव्हा तारीख उलटून चार दिवस झाले होते. अजून विसरले नाहीये. जीमेलमध्ये स्पॅममधलं ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून आईला सांगितलंय, आठवड्यातून एकदा तिकडे डोकावायचं. आपलं पत्र सापडलं तर 'स्पॅम नाही' दाबायचंच, फिल्टर त्यातूनच शिकतो. तुमचं काय झालं, लिहा.

पिंपळपान
मुलाखतीचं वाचून वाईट वाटलं गं. मी जीमेलच्या पत्त्यात आपल्या नावानंतर, @ च्या आधी, + आणि त्या साइटचं नाव घालते. पत्र आपल्याकडेच येतं. एका साइटला असा पत्ता दिला, तर दोन महिन्यांत त्याच पत्त्यावर भलत्याच कुणाचं कर्जाचं पत्र! पत्ता कुठून फुटला ते लगेच कळलं. बाकीचं नंतर, बाळ उठलं

निशाचर
बरेच फॉर्म + घेतच नाहीत. आणि तेवढा भाग कापून टाकणं पाठवणाऱ्याला अवघड नाही. मी खरेदी-नोंदणीसाठी वेगळा पत्ताच काढलाय.

कावेरी
माझ्याकडे एका सकाळी तासाभरात ६०० पत्रं. सगळी 'नोंदणीबद्दल आभार', कुठल्या कुठल्या भाषांत. वैतागून एकदम पुसणार होते, भावाने थांबवलं. म्हणाला, आधी 'ऑर्डर' शब्द टाकून शोध. त्या ढिगात माझ्या खात्यावरून दुसऱ्याच कुणी केलेल्या खरेदीची पावती होती! ती नजरेला पडू नये म्हणूनच एवढा ढीग ओतलेला. असा पूर आला की काहीही पुसायच्या आधी बँकेचं आणि खरेदीचं खातं बघा. हात जोडून सांगते.

निशाचर
बापरे. पैसे?

कावेरी
वाचले. लगेच कळवलं म्हणून ऑर्डर रद्द झाली. पासवर्ड सगळीकडे एकच होता, तो त्याच दिवशी बदलला.

उंबरठा
अनसबस्क्राइब दाबायचं की नाही? सासरे म्हणतात, दाबलं की जास्तच येतात.

केशरी_सांज
आपण स्वतः नाव नोंदवलेलं असेल तर खुशाल दाबा. मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांना गूगल आणि याहूने २०२४ पासून जाहिरातींच्या पत्रांत एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय देणं बंधनकारक केलंय. जीमेलमध्ये ती वर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसते. अनोळखी पत्र असेल तर सासऱ्यांचं बरोबर आहे. आतली लिंक दाबली की पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. तिथे फक्त 'स्पॅम' दाबायचं. आणि चित्रं आपोआप उघडणं सेटिंगमध्ये बंद करा. पत्रात डोळ्याला न दिसणारं ठिपक्याएवढं चित्र असतं, ते लोड झालं की पत्र उघडल्याची खबर जाते.

वाटसरू
आमचे मामा रोज पन्नास जणांना सुप्रभात पाठवतात, सगळ्यांचे पत्ते उघडे. एवढ्या मायेने पाठवतात की बोलवत नाही.

निशाचर
थोडं अवांतर. पहिलं स्पॅम समजतात ते ३ मे १९७८ चं. डीईसी कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर, सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण पाठवलं. यादी इतकी लांब की पत्ते रकान्यात मावेनात, उरलेले मजकुरातच सांडले. लोक भयंकर चिडले होते.

पिंपळपान
झोपलं एकदाचं. वाटसरू, मामांना बीसीसी शिकव ना, त्या रकान्यातले पत्ते इतरांना दिसत नाहीत. आमच्या काकांना शेजारी बसून दाखवलं, पाच मिनिटांत जमलं. आता तेच इतरांना शिकवतात.

वाटसरू
रविवारी जातोच आहे, दाखवतो.

उंबरठा
सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. विचारताहेत, आधीच दाबून ठेवलेल्या लिंकांचं काय?

केशरी_सांज
त्या आता परत घेता येणार नाहीत. येतील तशी 'स्पॅम' दाबत राहा म्हणावं. आणि त्या पानांवर पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर दिला होता का, ते मात्र आजच विचारा.